उरलेलं दुखणं

खडेबाजारात मी मागे वळून पाहिलं, तेव्हा माझं लंगडणं माझ्या मागून चालत येत होतं. संक्रांतीच्या आधीचा बाजार, तिळाची पोती पार रस्त्यावर आलेली, सुगडांच्या राशी, बांगड्यांच्या गाड्यांभोवती बायकांचे घोळके, आणि त्या सगळ्यातून ते मला एकदम ओळखू आलं. डावा पाय सरळ पुढे, मग अंग जरासं कलणार, उजवा पाय टेकण्याआधी थोडा थांबणार, गार पाण्यात पाय घालताना माणूस थांबतो तसा, आणि टेकला की हनुवटी खाली जाणार. ही चाल माझी. कित्येक वर्षं मी ती वापरली होती. दुकानांच्या काचांत पाहिली होती, पुतणीच्या लग्नाच्या व्हिडिओत पाहिली होती. माणसाला आपला चेहरा एक वेळ ओळखू येणार नाही, पण आपलं लंगडणं बरोबर ओळखू येतं. आता ती चाल दुसऱ्याच कुणाच्या अंगावर चढून येत होती, आणि ते अंग कुणाचं हे कळायला मला थोडा वेळ लागला. हातात कापडी पिशवी, डोक्यावर पदर, नजर खाली. अंजनी. माझी बायको. तिनं वर पाहिलं, मी बघतोय हे तिला कळलं, आणि लगेच ती नीट चालायला लागली. इतकी नीट, की मला त्याचीच जास्त भीती वाटली. जवळ येऊन म्हणाली, "असं मधीच काय थांबलाय? गूळ घ्यायचा ऱ्हायलाय की."

"तू मागं ऱ्हायलीस म्हणून."

"मी कुटं ऱ्हायले? तुमीच पळालासा. तुमास्नी आता नवं पाय फुटल्यात," ती म्हणाली आणि हसली. तेही खोटं नव्हतं. मला खरंच नवे पाय फुटले होते.

त्याआधी वडगावात माझ्यापेक्षा माझा उजवा गुडघाच जास्त प्रसिद्ध होता. आमच्या घरात दोन पॉवरलूम आहेत, एकावर मी, एकावर अंजनी. दिवसभर फरशीवर उभं राहायचं, तार तुटली की वाकायचं, धोट्यातली सुताची कांडी संपली की ती बदलायची, काही अडकलं तर मागाखाली रांगायचं, परत उभं राहायचं. गुडघे जाणारच. आमच्या गल्लीत सगळ्यांचेच जातात. पण माझा गेला तो वाजतगाजत गेला. मी सोसणाऱ्यांतला माणूस नाही, हे सांगायला मला लाज वाटत नाही. उठताना ओरडायचो, बसताना ओरडायचो, पायरी उतरताना तर देवांची नावं घेऊन ओरडायचो. समोरची जयाबाई म्हणायची, नागेंद्रअण्णा कण्हायला लागले की मी बंब पेटवते, घड्याळ बघत न्हाय. सगळे उपाय झाले. निरगुडीचा पाला, मोहरीचं तेल, कुणीतरी गोव्याहून आणलेलं काहीतरी उग्र मलम, लोखंडी पट्ट्या घातलेला पट्टा. मुलगी सौम्या पुण्याहून फोन करायची आणि ऑपरेशनचं नाव काढायची, की मी फोन अंजनीकडे द्यायचो. हाडं कापून तिथं धातूचं काहीतरी बसवणार, हा विचार आला तरी माझ्या मांड्या थंड पडत. शेवटी एका हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, ऑपरेशन आत्ता नको, आधी सांध्यात इंजेक्शन देऊन बघू. सूज उतरेल, दुखणं काही महिने तरी शांत बसेल. झिजलेलं भरून येणार नाही, पण तुम्ही चालाल. मला तेवढंच हवं होतं. मी कुठं भरून मागत होतो?

इंजेक्शनच्या दिवशी मी टेबलावर आडवा होतो आणि अंजनी उशाशी उभी होती. डॉक्टरांनी गुडघ्यावर तपकिरी औषध फासलं, बोटांनी वाटीच्या कडेची जागा चाचपली, आणि आधी रिकामी सुई घालून आतलं पाणी ओढून घेतलं. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. करडईच्या तेलासारखं पिवळं, दाट. एवढं पाणी माझ्या गुडघ्यात बसून होतं आणि मी त्याला घेऊन इतकी वर्षं हिंडत होतो. मग दुसरी सुई. मी अंजनीचा हात असा आवळला की तिच्या बांगडीचा वळ माझ्याच तळव्यावर उठला. सुई बाहेर आली, कापूस लागला, डॉक्टर हात धुवायला वळले, आणि तेवढ्यात अंजनीनं दोन्ही तळवे माझ्या गुडघ्यावरून उतरवले, न टेकवता, वरून खाली, आणि आपल्या कानशिलांवर नेऊन बोटं मोडली. कडाकडा, सगळीच्या सगळी मोडली. आमच्यात बायका लेकराची दृष्ट अशी काढतात, नवरी निघाली की तिच्यावरून काढतात. तुझी इडापीडा माझ्या डोक्यावर, एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टर मागे वळून हसले. "वहिनी, माझ्या औषधावर भरवसा न्हाय काय वो?"

"हाय की डॉक्टर," ती म्हणाली, "ह्ये आपलं वरनं. सवय."

दोन दिवस विश्रांती घेतली आणि तिसऱ्या सकाळी मी न ओरडता उठलो. अंथरुणावर बसून राहिलो. कुणी आलं नाही, कुणी विचारलं नाही, गल्ली आपल्या वेळेनं जागी होत होती. पाय दुमडला, सोडला, परत दुमडला. काही नाही. दात काढल्यावर जीभ जशी सारखी त्या जागी जाते, तसं माझं मन गुडघ्यात जाऊन येत होतं आणि रिकाम्या हातानं परत येत होतं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. पण त्या आनंदाच्या तळाशी एक चमत्कारिक गोष्ट होती. दुखणं कमी झालं, विरलं, थकलं असं काही वाटत नव्हतं. कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटत होतं. खोलीतलं माणूस बाहेर गेलं की खुर्ची थोडा वेळ त्याचीच राहते, तसा माझा गुडघा होता. मी तो दाबून पाहायचो, जिन्यावर मुद्दाम उलटा उतरून पाहायचो, आणि मनात यायचं, गेलं ते बरं झालं, पण गेलं म्हणजे नेमकं कुठं गेलं? औषधानं सूज उतरते हे मला कळत होतं. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. तरी तो प्रश्न माशीसारखा उडून परत तिथंच बसायचा. आणि मग खडेबाजारातली ती दुपार आली, आणि मला उत्तर चालत येताना दिसलं.

घरी आल्यावर मी तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, आणि सांगितलं असतं तर मला ते परत घ्यावं लागलं असतं. आणि मला ते नको होतं. मला पायरी उतरायची होती. मला येळ्ळूरच्या जत्रेला चालत जायचं होतं. मी तिळगूळ खाल्ला, चहा प्यालो, आणि माग सुरू केला.

मागाच्या खोलीत बोलता येत नाही हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. दोन माग सुरू असले की स्वतःचा आवाज स्वतःच्या कवटीत तेवढा ऐकू येतो. आमचं लग्न झालं तेव्हापासून आमचं बहुतेक बोलणं हातांनीच झालंय. दोन बोटं वर केली की कांड्या भर, मूठ तोंडाकडे नेली की चहा, तर्जनी फिरवली की व्यापारी आलाय, कापड गुंडाळ. तिच्या माझ्या भांडणांनासुद्धा खुणा होत्या. पण दुखतंय याला खूण नव्हती. मला त्या खुणेची गरज पडली नव्हती, मी मागाच्या वर आवाज काढून ओरडायचो. अंजनीनं ती कधी केली नव्हती. आता मी तिच्याकडे चोरून बघायला लागलो. ती तार जोडायला वाकायची तेव्हा डावा हात आधी मागाच्या लाकडावर टेकायचा. मीही तसाच टेकवायचो, त्याच जागी. तिथलं लाकूड गुळगुळीत झालेलं होतं. माझ्या मागावरचं मी झिजवलं होतं. मग तिच्या मागावरचं कुणी झिजवलं? या प्रश्नावर मी थांबायला हवं होतं. पण धास्तावलेला माणूस जे शोधत असतो तेवढंच त्याला दिसतं. मला फक्त माझं गेलेलं दुखणं दिसत होतं, आता तिच्या अंगात नांदणारं, आणि ते माझ्याकडे बघतंय असं वाटून मी तोंड फिरवायचो.

एकदा भर दुपारी करंट गेला. माग एकदम थांबले. अशी शांतता आमच्या घरात पडते तेव्हा कान दुखतात. त्या शांततेत अंजनी पाटावर बसायला वाकली आणि मला आवाज आला. कट. सुपारी फुटल्यासारखा. माझ्या अंगावर काटा आला, कारण तो आवाज मला पाठ होता. माझ्या गुडघ्याचा आवाज तो. इंजेक्शन झाल्यापासून मी तो ऐकला नव्हता.

"कसला आवाज झाला गं?"

"कुटं?"

"आत्ता. कट करून."

"मागाचा असंल."

"माग बंद हाय अंजनी."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता की दुःख नव्हतं. चोरी सापडलेल्या माणसासारखी ती दिसत होती, आणि चोरी माझी होती. मग "चा टाकते" म्हणून भिंतीला धरून उठली. भिंतीवर तिथं हाताचा एक तेलकट डाग आहे. तो माझाच असं मी आजवर धरून चाललो होतो.

मी निपाणीला गेलो. तिथं माझी थोरली बहीण अक्काताई राहते. तिचा सगळा जन्म विड्या वळण्यात गेला, आता डोळे अधू झालेत, पण जीभ अजून विडीच्या कात्रीसारखी चालते. कुणालाच विचारता येत नाही ते मी तिला विचारतो. बसच्या पायऱ्या मी न धरता चढलो, संकेश्वरला उतरून उगाच पाय मोकळे करून आलो, आणि सगळा रस्ता मनाला सांगत राहिलो, की पन्नाशी ओलांडलेल्या, मोबाईल वापरणाऱ्या माणसानं असली शंका विचारायला परगावी जाणं म्हणजे वेडेपणा आहे. निपाणीत तंबाखू वाळत पडला होता. त्या वासानं डोकं हलकं होतं. अक्काताई उन्हात बसली होती. मी सगळं सांगितलं. ती हसेल असं मला वाटत होतं, तिनं हसावं म्हणूनच मी गेलो होतो. ती हसली नाही.

"आप्पाचं डोळ्याचं ऑपरेशन झालतं ते आठवतंय तुला?" ती म्हणाली.

"व्हय."

"आई उशाला हुती. तिनं बी असंच केलतं. मी बघिटलंय. आप्पाला पेपर दिसायला लागला, आन् दिवाळीला आईला वात दिसंना."

"आईला साखर हुती, अक्का. साखरेनं डोळं जातात."

"जातात की. मी कुटं न्हाय म्हंतोय?" ती म्हणाली. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका कधी कधी असं पुरुषासारखं बोलतात. "पर आई डॉक्टरकडं गेली न्हाय ती न्हायच. का गेली न्हाय?"

"का?"

"घेटलेलं उतरवाय गेलं की ज्याचं त्याला परत जातंय म्हणून. ती म्हणायची, म्हाताऱ्याला आत्ता कुटं दिसाय लागलंय." अक्काताईनं हात पुढे करून माझा गुडघा चाचपला, पिकलंय का बघायला फळ दाबतात तसा. "चांगला हाय रं. असू दे. तुझ्या बायकूनं दिलंय ते घे आन् गप बस."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो. उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. आई आठवत होती, शेवटच्या वर्षांतली, भिंत चाचपत मोरीकडे जाणारी, आणि आप्पा पडवीत पेपर वाचत बसलेले, मोठ्यानं, तिला ऐकू जावं म्हणून. ते चित्र मला आजवर प्रेमाचं वाटायचं. गुडघा मुकाट होता. त्याचा मुकेपणा मला सहन होईना. मी अंजनीला असं भिंतीला धरून चालताना बघणार आणि पेपर वाचून दाखवणार? ती अशीच झिजत गेली तर एक दिवस पाटावरून उठणारच नाही, आणि कुठल्याही डॉक्टरकडे जाणार नाही, कारण मी चालतोय.

मग मी एक शहाणपणा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना ओरडलो. "आई गं," म्हणून गुडघा धरला. माझा बेत सरळ होता. दुखणं माझ्याकडे परत आलंय असं तिला पटलं, की तिला जपायला काही उरणार नाही, मग ती सुई टोचून घ्यायला मोकळी. मी कण्हत मोरीपर्यंत गेलो, कण्हत परत आलो, ओट्यावरची पायरी चढताना थांबलो, डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं. अंजनी दारात बसून कांड्या भरत होती. चरखा थांबवून तिनं सगळं शेवटपर्यंत पाहिलं.

"चुकताय तुमी," ती म्हणाली.

"काय चुकतोय?"

"चढताना न्हवं, उतरताना धरतंय ते. आन् वाटीत न्हाय दुकत, आतल्या अंगाला, हितं." तिनं स्वतःच्या उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. "सकाळी पयली धा पावलं लई. मग सैल पडतंय. जेवून उटलं की परत. थंडीत तर उजवी कूस करून झोपायचंच न्हाय."

मी पायरीवर तसाच उभा राहिलो. माझं दुखणं मला विसरायला झालं होतं. पंधरा दिवसांत. आणि ती ते मला जागा दाखवून शिकवत होती, मास्तरनं पाठ चुकलेल्या पोराला शिकवावं तशी, न चिडता.

"फोटो तरी काढू या," मी म्हणालो. "सुई न्हाय. निस्ता फोटो. माझी आण हाय तुला."

त्या फोटोला ती आली, माझी आण म्हणून. डॉक्टरांनी तो उजेडाच्या पाटीवर लावला आणि शेजारी माझा जुना लावला. काळ्यावर पांढरी दोन जोडपी हाडं. डॉक्टरांनी दोन्हींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "नागेंद्रअण्णा, हे आजचं न्हाय हो. दहा वर्षं तरी जुनं असणार. तुमच्यापेक्षा किती झिजलाय बघा. इथं फटच राहिली नाही. इतकी वर्षं काय केलासा?" दोघांचे फोटो अदलाबदल झाले असावेत असं मला क्षणभर वाटलं. नावं वाचली. बरोबर होती. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल तर सुटल्याचा आनंद. दहा वर्षं जुनं! म्हणजे ते माझं नाही, तिचं तिचंच आहे. खडेबाजारात ती पहिल्यांदा लंगडली नव्हती. मी पहिल्यांदा पुढे गेलो होतो. इतकी वर्षं माझ्या लंगड्या चालीबरोबर ती चालायची, आणि माझ्या कण्हण्याच्या आडोशाला तिचा गुडघा वाजायचा, तो कुणाला ऐकू जाणार होता? सगळ्याचा उलगडा झाला. मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा, "बघ, अंजनी! तुझं हाय ते. माझं न्हाय. अक्काताई काय बी बोलती. दहा वर्सांचं हाय म्हणत्यात."

"व्हय, बरोबर हाय," अंजनी फोटोकडे बघत म्हणाली. "दहा झाली असतील की. सौम्या धावीला हुती बघा, आन् तुमी मागाखालनं निगालाच न्हाईसा. दोघांनी वडून काडलं. त्या दिवशी घेटलं पयल्यांदा."

"काय घेटलंस?"

"मग दर अमोशाला घ्यायची. तुमी दुपारी निजला की. सगळं येत न्हवतं वो. लई चिवट. थोडं थोडं यायचं." ती अशा सुरात बोलत होती की जणू रोज विहिरीचं पाणी आणल्याचं सांगतेय. "उरलेलं तेवढं तुमच्याकडं ऱ्हायलं. त्ये बी परवा सुईबरोबर आलं."

डॉक्टर काहीतरी लिहीत होते, त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. मी दोन्ही फोटो पाहिले. तिचा आणि माझा. उरलेलं. ज्याच्यासाठी मी गल्ली उठवली, देवांना शिव्या दिल्या, मुलीचे फोन टाळले, ते सगळं उरलेलं होतं. ताटातला घास ती काढून घेत राहिली आणि मी खरकट्यावरून बोंबलत राहिलो. खरं असो, खोटं असो, हे तिच्या मनात दहा वर्षं होतं, आणि तिनं ते उभ्यानं, मागाच्या खटाखटीत, एकही खूण न करता वागवलं होतं. मला उभ्या जागी रडू फुटलं. मी भित्रा आहे ते आहेच, पण त्या क्षणी मला माझ्या गुडघ्याची भीती वाटली नाही. तिच्या त्या शांत चेहऱ्याची भीती वाटली, तिनं अजून काय काय घेऊन ठेवलंय याची.

"आज इंजेक्शन दिलं तर वहिनी चालतील," डॉक्टर म्हणाले. "किती टिकेल सांगता येत न्हाय, लई झिजलाय. पण अजून वर्ष असंच काढलं तर मग कापल्याशिवाय मार्ग न्हाय. आज घ्या म्हणतो मी."

"नगं," अंजनी म्हणाली.

"का वो वहिनी?"

ती माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "सुईनं काडलं तर जाईल कुटं ते? सगळंच्या सगळं येईल. तुमचं बी आन् दहा वर्सांचं बी."

"येऊ दे."

"तुमास्नी सोसायचं न्हाय."

"न्हाय सोसलं तर वराडीन. गल्लीला सवय हाय की."

तिच्या तोंडाचा कोपरा हलला. मी तेवढ्यावर जोर धरला. "जयाबाईचा बंब थंड पडलाय बघ, मी कण्हायचा थांबल्यापासनं. ती काय म्हंती, अण्णा बरं झालं, माझं मातूर वाटोळं झालं." आता ती हसली, पदर तोंडाला लावून, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मी तिचा दंड धरला. "तुजी शपत, अंजनी. मला आईसारखी तू दिसाय नगंस. त्येच्यापरीस दुकलेलं बरं." तिनं पिशवी माझ्या हातात दिली, चपला काढल्या, आणि टेबलाकडे गेली. चार पावलं. माझ्यासमोर पहिल्यांदाच ती पुरतं लंगडत चालली.

ती आडवी झाली आणि मी उशाशी न जाता तिच्या कुशीशी उभा राहिलो, कारण तिनं मला ओढून तिथं उभं केलं. डॉक्टरांनी साडी गुडघ्याच्या वर सारली. मी तिचा गुडघा उजेडात असा कधी पाहिला नव्हता. तो सुजून गोल झालेला, त्वचा ताणून चकाकणारी. तपकिरी औषध लागलं. अंजनी सुईकडे बघत नव्हती, छताकडे बघत नव्हती. तिनं आपला हात पँटवरून माझ्या उजव्या गुडघ्यावर ठेवला होता, आतल्या अंगाला, बरोबर त्या जागी, आणि दारातून कुणी आत येऊ नये म्हणून दार रेटून धरतात तसा ती तो दाबून होती. रिकाम्या सुईत पिवळं पाणी चढू लागलं. बराच वेळ चढत राहिलं. डॉक्टरांनी सुई बदलली. बाहेर कुणीतरी कानडीत नंबर विचारत होतं. औषध आत गेलं, सुई बाहेर आली, कापूस लागला.

"झालं," डॉक्टर म्हणाले. "दुखलं काय हो वहिनी?"

अंजनीनं त्यांचं ऐकलंच नाही. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं असं, एकटक.

"दुकलं काय?" तिनं मला विचारलं.

"न्हाय," मी म्हणालो. "काय बी न्हाय." आणि तिला कळू न देता, अगदी हळूच, उजव्या पायावरचा भार डाव्यावर घेतला.